मेंढ्या पुढं, मारुती मागं

मारुती वजनकाट्यावर उभा राहिला. आकडा शंभराच्या पुढे गेला आणि त्याचे वडील दगडूबाबा खुशीत म्हणाले, "लागलं म्हणा की औषध अंगाला!"

"मॅडम, ही गोळी बंद करा," मारुती म्हणाला. "माझा पार हेला झालाय."

"बंदबिंद काई न्हाई," त्याची बायको सोनाबाई दारातूनच म्हणाली. "जाड चालतंय मला. ते आवाज नगं."

मी बीडमध्ये मानसोपचारतज्ज्ञ आहे. एका पेशंटबद्दल तीन माणसांची तीन मतं, हे माझ्या ओपीडीत रोजचंच. पण इथे तिघांचंही बरोबर होतं.

हे धनगराचं घर, लिंबागणेशच्या पुढच्या डोंगरातलं. मारुतीला स्किझोफ्रेनिया आहे. या आजारात नसलेले आवाज ऐकू येतात, कुणीतरी आपल्या वाईटावर आहे याची पक्की खात्री वाटते. मारुतीला वाटायचं, आपण जे बोलतो ते मेंढ्या ऐकतात आणि दुश्मनापर्यंत पोचवतात. म्हणून त्याने मेंढ्यांना हाक मारणंच सोडलं. मुक्यानेच कळप हाकायचा. एक दिवस कळप माळावर सोडून तो निघून गेला, तो जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला उमापुरात सापडला.

मी त्याला ओलान्झेपिन सुरू केलं. गोळी जोरकस. आवाज थांबले, झोप लागली, माणूस माणसात आला. पण या गोळीची एक खोड आहे. ती भूक वाढवते. पोट भरलं तरी भरल्यासारखं वाटत नाही.

"किती भाकरी खातो?" मी विचारलं.

"मोजत न्हाई मी," सोनाबाई म्हणाली. "टोपलं रिकामं झालं की थांबत्यात."

"पण रोज डोंगर चढतोस ना?" मी मारुतीला विचारलं.

त्याच्या आधीच दगडूबाबांनी सांगून टाकलं, "कशाचा डोंगर! आधी हा पुढं अन् मेंढ्या मागं. आता मेंढ्या पुढं अन् हा लई मागं. परवा लिंबाखाली बसला, तितंच घोरायला लागला. कळप गेला सरपंचाच्या हरभऱ्यात!"

"मग?"

"मग काय? सरपंच हरभऱ्यात, आमी सरपंचाच्या पायाशी, अन् हा लिंबाखाली."

मारुतीलाही हसू फुटलं. पण लगेच म्हणाला, "लोकं हसत्यात मॅडम. गोळ्या बंद करा, न्हाईतर म्या गुपचूप थुकून देईन."

हे वाक्य ऐकून मी पेन खाली ठेवलं. गोळी थुंकणारा पेशंट काही आठवड्यांत परत आजारी पडण्याची भीती मोठी. त्याने ते आधीच सांगितलं, हे आमचं नशीब. रक्त तपासलं तर साखरही हद्दीवर येऊन उभी होती.

आता माझ्यापुढे दोन पारडी होती. एका पारड्यात वजन, साखर आणि झोप. दुसऱ्यात बरं झालेलं डोकं. गोळी बदलली तर आवाज परत येऊ शकतात. नाही बदलली तर हा ती घेणारच नाही. शेवटी आम्ही चौघांनी मिळून ठरवलं. बदलायची, पण दमाने. जुनी गोळी थोडी थोडी कमी करायची आणि नवी थोडी थोडी वाढवायची. याला आम्ही क्रॉस टेपर म्हणतो. नवी गोळी अॅरिपिप्राझोल. तिने सहसा वजन फारसं वाढत नाही आणि गुंगीही कमी येते.

"हिचापण त्रास असतो," मी बजावलं. "काहींना अस्वस्थ होतं, एका जागी बसवत नाही. तसं झालं तर लगेच फोन करा." सोनाबाईने मान हलवली. दगडूबाबांनी फक्त 'वजन' एवढंच ऐकलं असावं. ते म्हणाले, "लई वाळवू नका म्हंजे झालं."

सोनाबाईला मी एक काम दिलं. "आजार परत येतोय हे तुला आधी कशावरून कळतं?"

"मेंढ्यांना हाक मारायची बंद करत्यात," ती लगेच म्हणाली.

"मग त्या हाकेकडे कान ठेव."

जुनी गोळी पूर्ण थांबली आणि थोड्याच दिवसांत दगडूबाबांचा फोन आला. आवाज घाबरा. "मॅडम, पोरगं पुना बिगडलं! बूड टेकंना. भाकरीचा एक घास खातंय अन् अंगणात दोन चकरा मारतंय. म्या जुनी गोळी काढून ठिवलीय. देऊ का?"

"थांबा! काही देऊ नका. सोनाबाईला फोन द्या."

आजार उलटतानाही माणूस असाच येरझाऱ्या घालतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. आजार उलटला असेल तर औषध वाढवायचं, गोळीचा त्रास असेल तर कमी करायचं. चुकीचा अंदाज महागात पडतो.

"हाक मारतो का मेंढ्यांना?" मी सोनाबाईला विचारलं.

"मारत्यात की! समद्या माळावर ऐकू येतंय. नुसतं चालत्यात अन् हाका मारत्यात. मेंढ्याच दमल्यात आता."

मग मारुती फोनवर आला. "आवाज येतात का रे?"

"न्हाई मॅडम. डोकं एकदम शांत हाय. पाय येडे झालेत."

इतकं नेमकं वर्णन मला परीक्षेतही लिहिता आलं नसतं. याला अकाथिसिया म्हणतात. पाय आतून ढकलतात, बसू देत नाहीत. दुसऱ्या दिवशी तिघांना बोलावलं, मारुतीला तपासलं. खुर्चीवर तो बसला कमी आणि उठला जास्त. मी नवी गोळी निम्म्यावर आणली, पाय शांत करायला थोड्या दिवसांसाठी एक छोटी गोळी जोडली. जुन्या गोळ्यांची पट्टी दगडूबाबांकडून मागून घेतली. त्यांनी ती नाखुशीनेच धोतराच्या सोग्यातून काढली.

आठवड्याभरात पाय ताळ्यावर आले. पुढच्या महिन्यांत वजन हळूहळू उतरलं. पूर्वीएवढं नाही, पण डोंगर चढण्याइतकं. साखर मागे सरकली. आवाज आले नाहीत. मारुती गोळी स्वतःहून मागून घेतो, असं सोनाबाईने सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदाच आत येऊन खुर्चीवर बसली होती.

तेव्हापासून गोळी बदलायची असली की मी घरच्या प्रत्येकाकडून नव्या गोळीचा त्रास तोंडी वदवून घेते. मान हलवलेली मी धरत नाही. आणि उरलेल्या जुन्या गोळ्या आधीच परत मागते.

दगडूबाबा गेल्या महिन्यात एकटेच आले. मी विचारलं, "का हो बाबा? मारुती ठीक आहे ना?"

"त्याचं झ्याक हाय. माझे गुडघे धरलेत." इकडे तिकडे बघत ते हळूच म्हणाले, "ती पाय चालवायची गोळी मला बी द्या की."

मी त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. जाताना ते जरा रुसलेच होते.