पडवीतली करवंटी

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही — आईला नाही, संपादकांना तर नाहीच. चार माणसांत बोलणं मला कधी जमलं नाही. म्हणून तर लिहू लागले.

मुंबईच्या इंग्रजी शाळेत शिकून रत्नागिरीला परतले, आणि घरच्यांच्या नकळत एका मासिकात पुरुषाच्या नावाने कादंबरी लिहू लागले. बड्या घरांची टर उडवणारी. माझी नजर फार तीक्ष्ण आहे, असं संपादकांनी कळवलं. तीक्ष्ण? ऐका तर.

कादंबरीत एक पुढारलेली बाई आहे. समतेवर भाषण देऊन घरी येते, आणि अंगण सारवणाऱ्या बाईला खुंटीवरची करवंटी देऊन तीत वरून चहा ओतते — थेंब उडू नयेत म्हणून पदर सावरत.

या बाईला मी शेजारच्या दुर्गाताईंची जांभळी छत्री दिली. त्यांचं उठता-बसता 'व्हेरी गुड' म्हणणंही दिलं. का? त्यांनी माझं काय बिघडवलं होतं? त्या भाषणं करायच्या — त्यांना हसणं सोपं होतं, एवढंच.

आईने तो अंक पडवीत बसून मोठ्याने वाचला. "अगं, ही तर आपली दुर्गाताईच!" म्हणत हसून हसून डोळे पुसले. महिनाभरात गावातल्या बायका त्यांना 'करवंटीबाई' म्हणू लागल्या. एका हळदीकुंकवात कुणीसं तोंडावरच विचारलं, "काय हो, करवंटी नाही आणलीत?" दुर्गाताई हसल्या. नंतर त्या कुठे दिसेनाशा झाल्या. बायकांना लिहायला-वाचायला शिकवायचा त्यांचा दुपारचा वर्गही बंद पडला.

भागी त्या वर्गाला जायची. आमचं आणि त्यांचं, दोन्ही अंगणं तीच सारवते. स्वतःचं नाव लिहिण्यापर्यंत आली होती. आई वाचत होती तेव्हा तिनेही सगळं ऐकलं होतं. वर्ग बंद झाला त्या आठवड्यात, शेणाचे हात धूत ती मला म्हणाली,

"लिवणारा चुकला गो बाय. ताईंकडं मी कपातनं पितंय, त्यांच्याच. करवंटी हाय ती हितं."

हितं. आमच्या पडवीत. वरून ओतणारा हात माझा — पदर सावरणारीही मीच. हे मला लिहिताना ठाऊक नव्हतं का? होतं.

मी म्हणाले, "असेल. त्याला कुणी चुकीचं सांगितलं असेल."

मग चहा झाला. मी खुंटीवरची करवंटी काढून तिला दिली, आणि वरून ओतला.