चैत्रातले मोजे

चैत्रात काशीत मोजे कुणी घालत नाही. रामघाटाच्या पायऱ्या सकाळीच चटके द्यायला लागतात. म्हणून अष्टमीला माझी लेक परकर-पोलकं, केसांत गजरा आणि पायांत शाळेचे पांढरे मोजे अशी खोलीतून बाहेर आली तेव्हा मला हसू आलं.

"देवीबाई, आज पीटी आहे का?" मी विचारलं. ती हसली नाही.

आमच्याकडे महाराष्ट्रातले यात्रेकरू उतरतात. सासरे त्यांची पूजा सांगतात, सासूबाई आणि मी स्वयंपाकाचं बघतो, नवरा बँकेत. चैत्राच्या नवरात्रात पाहुण्यांना कुमारिका जेवू घालायची असली की घरचीच पोर पाटावर बसते. पाहुण्यांनी परातीत तिचे पाय धुवायचे, कुंकू लावायचं, नमस्कार करायचा. नऊ वर्षांची लेक याला सरावलेली. खिरीच्या वाटीवर डोळा ठेवून गुमान बसायची.

"मोजे काढ. पाय कसे धुणार ते?"

तिनं दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मम्मी, ते काका पाय सोडतच नाहीत. पिछले साल भी. मी ओढला की हसतात, आणि आणखी वर धरतात. बोले, देवीनं कुणाला सांगायचं नसतं. आज पूजेनंतर छतावर बोलावलंय, मिठाई द्यायला."

काका म्हणजे बायको गेल्यापासून दर चैत्रात एकटे येणारे गृहस्थ. गळ्यात रुद्राक्ष, बोलण्यात साखर. अष्टमीची कुमारिका आमच्याकडे, नवमीची दुर्गाघाटावर आमच्या नात्यातल्या घरी, हा त्यांचा नेम. सासूबाई त्यांना भावासारखं मानत.

त्याच आत आल्या. "अगं, पाट मांडलाय, सगळे खोळंबलेत." मी त्यांना लेकीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, पण लगेच म्हणाल्या, "वडीलधारा माणूस आहे, मायेनं धरला असेल पाय. सणाच्या दिवशी तमाशा नको. आज बसव, उद्या बघू."

मी मुळातली फटकळ, सासरी तशी माझी ख्यातीच आहे. पण त्या क्षणी संतापानं एवढंच म्हटलं, "उद्या नाही, आई. ती बसणार नाही."

तेवढ्यात काका स्वतःच माजघराच्या दारात आले. हात धुतलेले, ओले. "काय, देवी रुसली वाटतं? मोजेच ना? आण इकडे, मी काढतो." आणि ते वाकले.

लेक माझ्यामागे सरकली. साडीवरून तिची नखं मला टोचली.

"हात मागे घ्या," मी म्हटलं.

ते हसले. "सूनबाई, लहान मुलं काहीही बोलतात. पाय धरला म्हणजे काय लगेच..."

"ती काय बोलली ते मी तुम्हाला सांगितलेलं नाही."

त्यांचं हसू तोंडावरच राहिलं. त्यांच्यामागे सासरे पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. किती ऐकलं होतं कोण जाणे. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि एवढंच म्हणाले, "तुमचं सामान बांधा."

काका पिशवी घेऊन घाटाकडे उतरले. नाववाल्याला त्यांनी हाक मारली ती खिडकीतून सगळ्यांना ऐकू आली. "दुर्गाघाट चलोगे?"

त्या घरातही एक मुलगी आहे, माझ्या लेकीहून लहान. मी फोन शोधायला लागले. सासूबाईंनी मात्र चपला घातल्या होत्या. "फोनवर काय सांगणार? चल." लेक मागे राहायला तयार नव्हती. तिलाही घेतलं.

तो नावेनं, आम्ही गल्लीनं. एरवी गुडघ्यांपायी चार पायऱ्या चढवत नाहीत त्या सासूबाई माझ्या पुढे चालत होत्या. गाय आडवी आली, तिच्या पाठीवर थाप मारून पुढे झाल्या. आम्ही आधी पोचलो.

दार तिथल्या आजींनी उघडलं. त्या हसून "या" म्हणाल्या, पण सासूबाई उंबऱ्यातच थांबल्या. मघाशी ज्यांना ते ऐकवत नव्हतं, त्यांनी आता ते सगळं सांगितलं. मिठाई, छत, काही गाळलं नाही. शेवटी म्हणाल्या, "माझी नात खरं बोलतेय. तो आला तर आत घेऊ नकोस."

माझ्या हातातला लेकीचा हात सैल झाला.

 त्या आजींनी मागे वळून आपल्या नातीला हाक मारली, तिच्यासमोर खाली बसल्या आणि हळू विचारलं, "बेटा, तुझाही पाय धरून ठेवतात का ते काका?"

त्या मुलीनं आधी माझ्या लेकीच्या मोज्यांकडे पाहिलं. मग तिनं मान हलवली, हो म्हणून.