अर्ध्या म्हशीला नंबर नाही

रेल्वेत प्रत्येक गोष्टीचं रजिस्टर असतं. गाडी आली, लिहा. गाडी गेली, लिहा. सिग्नल बिघडला त्याचं एक रजिस्टर, तो दुरुस्त झाला की पुन्हा त्यात सही! फक्त हसू आलं तर ते कुठं लिहायचं, हे कुणी सांगितलेलं नाही. मग ते पोटात साठत जातं, आणि दोन रेल्वेवाले चहाला बसले की तिसऱ्याला उठता येत नाही.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका लहान स्टेशनावर मास्तर होतो. स्टेशनाचं नाव सांगणार नाही. अर्धी नोकरी वरच्यांना खुलासे लिहिण्यात गेली, आता नवा लिहायची हौस नाही बुवा!

*

पहिला मान रफीकभाईंचा. हे आमचे पॉइंट्समन, म्हणजे झेंडी दाखवणारे, रुळांचे सांधे बघणारे. कामाला एक नंबर माणूस.

आमच्याकडं एक गंमत आहे. सिग्नल 'ऑन' म्हणजे लाल, गाडी थांबणार. सिग्नल 'ऑफ' म्हणजे रस्ता मोकळा, जाऊ द्या. घरातल्या बटणाच्या नेमकं उलटं! परीक्षेच्या आधी रफीकभाईंनी हे महिनाभर घोकलं. उठता-बसता "ऑफ बोले तो चलने दो, ऑन बोले तो रोको."

पास झाले. पेढे घेऊन घरी गेले. बेगम आतून ओरडल्या, "टाकी भर गई, मोटार ऑफ करो!" रफीकभाई म्हणाले, "हौ," आणि निवांत पेढा खात बसले. चालू दे म्हणतेय तर चालू दे!

पाणी शेजाऱ्याच्या सोयाबीनच्या पोत्यांपर्यंत गेलं तेव्हा बेगम बाहेर आल्या. म्हणाल्या, "तुमारा दिमाग ऑन है के ऑफ, उत्ता बताओ!"

रफीकभाई आजही ह्या प्रश्नाचं उत्तर द्यायच्या आधी विचार करतात.

*

आता आप्पा. नाव शिवलिंग, पण साहेबापासून शेरडं राखणाऱ्यापर्यंत सगळे आप्पाच म्हणायचे. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आणि स्टेशनापासून दोन किलोमीटरवरच्या गेटवर तीस वर्षं ड्युटी. कापसाचे टेम्पो, उसाच्या ट्रॉल्या, येलदरी धरणाचे मासे घेऊन निघालेले मोटारसायकलवाले, सगळे त्यांच्या गेटवर उभे राहून शिव्या घालायचे. आप्पा ऐकून घ्यायचे. गेट उघडायचे नाहीत.

पद्धत अशी. गाडी सोडायच्या आधी मी गेटवर फोन करायचा. आप्पा गेट बंद करून कुलूप घालणार, मग आपल्या कागदावरचा दोन आकडी नंबर मला सांगून तो खोडणार. तो मी लिहून घेतला की गेट बंद असल्याची ती जबान झाली. नंबर नाही, तर सिग्नल नाही!

एकदा दुपारी पाशिंजर उभी, मी फोन केला, "आप्पा, नंबर द्या."

"देत न्हाई. गेटमधी म्हैस हाय."

"हाकला की मग!"

"हाकलली. आता अर्धी आत हाय, अर्धी भाईर. तुमच्या नियमात अर्ध्या म्हशीचं काय लिवलंय?"

मी तसा तापट माणूस. फोन आदळला. तोवर कंट्रोल ऑफिसचा फोन, गाडी का थांबवली? म्हटलं, "म्हैस." तिकडं कुणीतरी नवा होता. त्यानं फॉर्म समोर ठेवून गंभीरपणे विचारलं, "म्हैस अप आहे का डाऊन?"

मी पुन्हा गेटला फोन लावला. आप्पा म्हणाले, "त्येला म्हणावं, बसलीय!"

*

आप्पांचा फोनचाही नियम होता. "ह्यो फोन गाडीचा हाय, मास्तर. ह्याच्यावर घरचं बोलायचं न्हाई." चार वर्षं रोज बोललो, पण त्यांच्या घरी कोण कोण आहे ते मला कधी कळलं नाही. एक काकू तेवढ्या माहीत, कारण त्या गेटवर डबा घेऊन यायच्या.

एकदा काकू आल्या आणि आप्पांनी गेट लावलं. काकू पलीकडं, आप्पा अलीकडं. लोक दांड्याखालून वाकून जातातच, काकूही वाकल्या. आप्पांनी तिथूनच हात केला, "थांब! गाडी हाय."

"आवो, डबा तर घ्या!"

"गाडी गेल्यावर."

मालगाडी होती, ती आली पाऊण तासानं. काकू लिंबाखाली बसून राहिल्या. गेट उघडलं, काकू आल्या, डबा पुढं केला. आप्पांनी उघडला तर आतून धुतल्यासारखा लख्ख! भाकरी नाही, पिठलं नाही, ठेचासुद्धा नाही.

काकू तोंड पुसत म्हणाल्या, "लाईन क्लियर हाय. जाऊ द्या तुमची गाडी!"

*

वर्षातून एकदा तपासणीला साहेब यायचे. हे साहेब म्हणजे प्रश्न विचारून माणसाला घाम फोडण्यात पटाईत. मीही त्यांच्यासमोर दोनदा स्वतःचं नाव चुकलोय.

साहेब आप्पांना म्हणाले, "समजा, रूळ तुटलाय. गाडी येतेय. काय कराल?"

"लाल झेंडी घिऊन पळीन."

"झेंडी फाटलीय."

"लाल बत्ती दावीन."

"बत्तीत सेल नाहीत."

"रुळावर फटाके लावीन. आवाज आईकला की डायवर गाडी थांबवतो."

"फटाके ओले झालेत!" साहेब खूश. आता सापडला म्हणाले!

आप्पा आत गेले, रजिस्टर घेऊन आले, बोट ठेवलं. "झेंडी फाटली, सेल न्हाई, फटाके वल्ले. मग हुजूर, मागल्या तपासणीत 'सर्व सामान ठीक' म्हणून हे दस्तखत कुणाचे हायत?"

दस्तखत साहेबांचेच होते. साहेबांनी चहा अर्धा ठेवला आणि जीपमध्ये जाऊन बसले.

*

हा किस्सा मी फारसा सांगत नाही, पण आज सांगतो.

उन्हाळ्यातली दुपार. रात्रभर लाईट नव्हती, झोप झाली नव्हती. पाशिंजरची वेळ झाली, माझा हात सिग्नलच्या बटणावर गेला आणि फोन वाजला. मी खेकसलो, "काय हो आप्पा?"

"काय न्हाई, मास्तर. आज तुमचा फोन आला न्हाई. गेट उघडं हाय. ऊसवाला मधी हाय."

नंबर घ्यायचाच विसरलो होतो! बटण दाबलं असतं तर काय झालं असतं, ते आजही मनात आणवत नाही.

आप्पांनी गेट लावलं, पुन्हा फोन केला. "सात-तीन. लिवून घ्या. आन तोंडावर पाणी मारा."

ह्या माणसानं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. मी विषय काढला तर म्हणाले, "कामून उकरायलाव? गाडी गेली न्हवं नीट?" त्या दिवसापासून मी आप्पांवर कधी खेकसलो नाही.

*

आप्पांची एकच इच्छा होती. सर्विस बुकात एकही लाल शेरा न पडता रिटायर व्हायचं. तीस वर्षांत पडला नव्हता. अठरा दिवस उरले होते. आम्ही सगळे ते दिवस मोजत होतो. रफीकभाईंनी तर हाराची ऑर्डरही देऊन ठेवली होती.

आणि भर दुपारी फोन. "मास्तर, गाडी सोडू नका. गेटचा दांडा मोडला."

"काय झालं?"

"गेट खाली यायलं हुतं. एक मोटारसायकलवाला खालून घुसायला बघत हुता. धडकला. म्या दोन्हीकडं साखळी लावली, लाल झेंडी लावलीय."

"लागलं का त्याला?"

"खरचटलं. बरा हाय."

आता आमच्याकडं हिशेब सरळ असतो. धडकणारा सापडला तर केस त्याच्यावर. पळून गेला तर चौकशी गेटमनवर, गेट उशिरा का लावलं म्हणून. शेरा ठरलेला! मी विचारलं, "पळाला का?"

"न्हाई. हाय हितंच. गाडीची चावी काढून घेतलीय म्या."

"वाचलो!" मी ओरडलोच. "रफीकभाई, माणूस सापडला! आप्पा, तुमचं बुक कोरं राहतंय! सोडू नका त्याला. रेल्वे पोलिसांना बोलावतो. दांडा मोडल्याची केस बसली की डोकं ठिकाणावर येईल बेट्याचं!"

मी आपला चालूच, "जीव वर आलाय का ह्या लोकांचा? दोन मिनिटं दम निघत नाही! बापानं काही वळणच लावलेलं दिसत नाही!"

"हं," आप्पा म्हणाले. "न्हाई लावलं."

"जाऊ द्या. मी रिपोर्ट लिहितो. नाव सांगा त्याचं."

"महेश."

"बापाचं नाव?"

"शिवलिंग."

मला हसूच आलं. "अहो आप्पा, तुमचं नाही! तुमचं खाली येतंय, गेटमनच्या रकान्यात. त्याच्या बापाचं सांगा."

"त्याच्याच बापाचं सांगायलो, मास्तर. लिवा."