निजामचा खजूर

दिवाळी तोंडावर आली, तरी पेठ गावावर आभाळ गच्च. केबलवाला निजाम पहाटे सहेरीचं खाणं उरकून गच्चीवर चढला आणि डिशवरचं रातच्या भुरभुरीचं पाणी फडक्यानं पुसून काढलं. रमजानचा रोजा असला म्हणून काय, गावाला चित्र स्वच्छ दिसलं पाहिजे!

गावाला याड लागलं होतं ते ‘फजिती’चं. हिंदी चॅनेलवर कॅमेरा लपवून लोकांची थट्टा करतात, ते बघून निजामनं आपल्या केबलवर तसलाच कार्यक्रम काढला होता. चहात मीठ पडल्यावर सावळेराम कंडक्टरचं तोंड बघून लंकाबाई हसता हसता खाटेवरनं खाली आली. “निजामभाऊ, आज कुनाची?” रस्त्यानं जो तो विचारी.

आज पाळी भंवरीबाईंची, किराणावाल्या सुवालालशेठच्या आईची. दिवस बुडाल्यावर म्हातारी पाण्याचा थेंबही घेत नसे, लग्नापासूनचा नेम. नातू हितेशनंच युक्ती काढली. दुकानामागच्या बिनखिडकीच्या खोलीतलं घड्याळ मागं करायचं आणि घास तोंडाशी गेला की ओरडायचं, “फजिती!”

संध्याकाळी निजाम आणि हितेश साखरेच्या पोत्यांआड दडले. निजामनं कॅमेरा रोखला. लई भारी एपिसोड व्हनार! खिशात रोजा सोडायचा खजूर होता. मनगटावरच्या घड्याळात बघितलं, दिवस बुडाला होता.

भंवरीबाई ताटावर बसल्या. भिंतीवरचं घड्याळ बघून निवांत खिचडी कालवली, घास उचलला.

निजामनं हितेशकडं पाहिलं. तो खुसखुसला, “थांब निजामभाई. गिळू दे. खरी मजा फुडंच हाय.”

गिळला म्हंजे नेमच मोडला! कॅमेरा टाकून निजाम बाहेर धावला. “आजी, खाऊ नका! दिवस बुडाला!”

“चल, चावट! मला बनवतोस? घड्याळ बघ की.” घास ओठांशी गेला.

निजामनं झटकन खजूर काढला आणि बिस्मिल्ला म्हणून तोंडात टाकला.

म्हातारीचा हात जागीच थांबला. दर रमजानला खजूर तिच्याच दुकानातनं जायचा. दिवस असताना निजाम तो तोंडात टाकणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक. घास ताटात परत आला.

“हितेश! दादीचा नेम मोडून गाव हसवतोस व्हय रे?” आवाज पार नाशिक रोडपर्यंत गेला असेल. मग निजामकडं वळून म्हणाली, “ये, बस. पातेल्यात गरम खिचडी हाये. मी काय, सकाळी खाईन.”

निजाम जेवला. कॅसेट तिथंच पुसली.

बाहेर केबलचं गिऱ्हाईक जानकू बोंबलत होता, “निजामभाऊ, आमच्या आळीला टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसत्यात! फजिती लागायची येळ झाली ना राव!”

“आज फजिती न्हाई. लाईन जोडतो, बातम्या बघा.”

पक्कड दातात धरून तो खांबावर चढला.