काळ्या काठाची पत्रं

जर्सी सिटीहून निघताना मंजूने, म्हणजे माझ्या लेकीने, गाडीतच बजावलं, "आई, तिथे खूप जुने पेपर्स आहेत. नुसतं बघायचं."

"मी काय रद्दीवाली आहे?" मी म्हटलं.

जायचं होतं पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावी, मार्थाबाईंकडे. मंजू या देशात नवी असताना त्यांच्याकडे भाड्याने राहायची. वाटेत डोंगर लागले, मग मक्याची शेतं, मग आणखी मक्याची शेतं. एका ठिकाणी प्रेट्झेल (खारं, भाजलेलं वेटोळं) खाल्लं. दात शाबूत राहिले.

मार्थाबाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांचे पणजोबा राज्याच्या विधिमंडळात होते, पणजोबांचे भाऊ पाद्री. एक भाषणं करायचा, दुसरा प्रवचनं, त्यामुळे घरात ऐकून घेणारं कुणी नसावं. ते सगळं अ‍ॅटिकमध्ये (माळ्यावर) जपलेलं. दुपारी लायब्ररीचा माणूस ते कायमचं न्यायला येणार होता. भाषणं-प्रवचनं बाईंनी खुशाल खोक्यांत भरली होती. मांडीवर एकच जुडगा उरला होता, काळ्या काठाच्या पत्रांचा.

"हा द्यावा की नाही ठरत नाही. रोज बांधते, रोज सोडते," त्या मंजूला म्हणाल्या.

त्यातलं एक पत्र त्यांनी माझ्या हातात दिलं. मंजूने अर्थ सांगितला. पाद्रीबुवांची लहान मुलगी तापाने गेली, ते त्यांनी भावाला कळवलं होतं. दुखवट्याची पत्रं तिकडे अशी काळ्या काठाची असत. मी "अरेरे" म्हटलं आणि पत्र फाडलं.

पूर्ण नाही. वरून बोटभर.

"आई! व्हॉट आर यू डूइंग!"

"कुणी गेल्याचं पत्र घरात ठेवतात का? वाचलं की फाडायचं. सांग त्यांना," मी म्हटलं खरं, पण घाम मलाच फुटला होता. हात सवयीने गेला होता हो.

मंजूने सांगितलं. मार्थाबाई त्या चिरेकडे बघत राहिल्या.

"सगळी फाडता? मग आठवण कशी राहते?"

"राहते."

"आणि घरात ठेवली तर काय होतं?"

"ते माहीत नाही. कुणी ठेवलेलीच नाहीत."

बाई हसल्या. "आम्ही ठेवली. माझी आई ही पत्रं काढून रडायची. या मुलीला तिने कधी बघितलंही नव्हतं. आता मी रडते."

लायब्ररीचा माणूस आला. चीर बघून म्हणाला, "पातळ जपानी कागद लावून सांधता येईल." कुणी फाडलं ते त्याने विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. जुडगा मार्थाबाईंनी स्वतःच्या हाताने खोक्यात ठेवला आणि व्हॅन वळेपर्यंत माझा दंड धरून दारात उभ्या राहिल्या.

परतताना मंजू म्हणाली, "बाबा गेले तेव्हा माझं व्हिसाचं स्टँपिंग अडकलं होतं, येता आलं नाही. मी तुला पत्र लिहिलं होतं. ते पण फाडलंस?"

"फाडलं."

मग मी तिला ते पहिल्या ओळीपासून म्हणून दाखवायला लागले. निम्म्यावर आले तेव्हा टोलनाका आला. मंजूने पैसे दिले, काच वर केली, डोळे पुसले.

"पुढे?" ती म्हणाली.