डबल बेल

कंडक्टरने दोनदा दोरी ओढली तेव्हा गंगूचा एक पाय अजून पायरीवर होता. एसटीने हिसका दिला आणि गंगू मागच्या मागे रस्त्यावर पडली. मी तिच्यापुढे चढले होते, म्हणून मी आत सीटवर आदळले. गंगू माझी शेजारीण. डोळे तपासायला आम्ही दोघी तालुक्याला निघालो होतो.

कंडक्टर मलाच म्हणाला, "आजी, दांडी धरायची की नाही?"

"एका हातात पिशवी, एका हातात काठी. दांडी काय दातांनी धरू, मेल्या?"

माझी नात नववीला आहे. नंतर घरी तिने पुस्तक उघडून सांगितलं, की थांबलेली वस्तू थांबूनच राहू बघते. गाडी पाय पुढे ओढून नेते आणि वरचं अंग मागे राहतं. त्याला जडत्व म्हणतात.

मी चौथी शिकलेली, पण मला ते लगेच पटलं आणि म्हणूनच राग जास्त आला. त्या कंडक्टरने आणि ड्रायव्हरने, दोघांनीही शाळेत हेच लिहून मार्क मिळवले असणार. केबिनमध्ये दह्याचं भांडं ठेवलेलं असलं की हाच ड्रायव्हर गाडी अलगद काढतो. दही सांडतं हे त्याला कळतं.

अजूनही स्टँडवर बसले की बघते, म्हातारं माणूस पायरीवर असतं आणि कंडक्टरचा हात दोरीवर गेलेला असतो.

गंगू डोक्यावर पडली होती, ती तिसऱ्या दिवशी गेली. मी आत पडले म्हणून वाचले.