मागच्या सीटवरच्या ताकमावशी

ताकमावशी कुणाच्याही गाडीत बसताना मागचंच दार उघडायच्या आणि हातात काठोकाठ ताक भरलेला पितळी तांब्या असायचा. वर झाकण नाही! मुद्दामच नाही. आमच्या महानगर कॉलनीतून निघायचं, निशातगंजच्या पुलावर चढायचं, उतरायचं, रेल्वे फाटकाचे दणके खायचे आणि परत यायचं. मग मावशी खाली उतरून साडी झटकून बघायच्या. साडी कोरडी, तर गाडी पास. ओली झाली, की नापास. लखनौमधल्या आमच्या मूठभर मराठी घरांत कुणीही गाडी घेणार म्हटलं की ही परीक्षा व्हायचीच. काय सांगू, आम्हा मुलांना तर सर्कस आल्यासारखं वाटायचं.

हे सुरू कसं झालं ते मी आईकडून ऐकलंय. तिथल्या मराठी मंडळाच्या महिन्याच्या जेवणाला मठ्ठा नेहमी मावशींकडे. एकदा त्या कुणाच्या तरी जुन्या अँबॅसिडरमधून पातेलं मांडीवर घेऊन आल्या, थेंब सांडला नाही. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणाची नवीकोरी एट हंड्रेड होती. तीच ती, साबणाच्या डबीएवढी छोटी गाडी. त्यातून आल्या तेव्हा निम्मा मठ्ठा पातेल्यात आणि निम्मा साडीवर. सगळे हसायला लागले. मावशी नाही हसल्या. पदर पिळत म्हणाल्या, "हसताय काय? माणसं खोटं बोलतील, ताक नाही बोलणार." झालं! त्या दिवसापासून त्या ताकमावशी. खरं नाव विचाराल तर मला आजही आठवत नाही.

त्या मूळच्या साताऱ्याकडच्या. उंच, चांगल्या धिप्पाड, गुडघे कायम दुखणारे आणि आवाज असा की विकास नगरातल्या आपल्या घरी बोलल्या तर पार कपूरथल्याच्या चौकात ऐकू यावं. काका एअर फोर्समधून रिटायर झाले आणि दोघं इथेच घर बांधून राहिले. आणि मजा म्हणजे मावशींकडे गाडीच नव्हती. काकांची स्कूटर होती, तिच्यावर त्या आडव्या बसायच्या आणि काका बिचारे जवळजवळ हँडलवर. कुणी विचारलं की म्हणायच्या, "परीक्षकानं पेपर लिहायचा नसतो."

तेव्हा सगळ्यांच्याच डोक्यात गाड्या होत्या. स्कूटरवरून चारचाकीवर जायचे दिवस ते. मंडळात पूर्वी प्रमोशन आणि मुलांचे मार्क चालायचे, आता नुसतं एव्हरेज, पार्किंग, एसी. पुरुष मंडळी बॉनेट उघडून त्यात डोकी घालून उभी. मावशी मागून ओरडायच्या, "गाडी चालवणारा एक, बसणारे चार. मत कुणाचं घ्यायचं? एव्हरेज सगळे विचारतात, गुडघ्याचं कोण विचारतं?" मग त्या मागच्या सीटवर बसून दाखवायच्या. गुडघे कुठे लागतात, डोकं कुठे आपटतं, उतरताना ओढायला किती माणसं लागतात. आईशप्पथ, सगळं अगदी मन लावून. डिकी उघडून कुकर ठेवून बघायच्या. छोट्या गाडीची बघितली की ठरलेलं वाक्य, "ही डिकी नाही, हा खिसा आहे."

पण त्या सरसकट मोठ्या गाडीच्या बाजूच्या होत्या असं नाही हं. जुन्या लखनौत, चौक भागातल्या अरुंद गल्लीत राहणाऱ्या एका नवीन जोडप्याला त्यांनी स्वतः छोटी घ्यायला सांगितली होती. "तुमच्या गल्लीत अँबॅसिडर घातलीत तर बाहेर काढायला भिंत पाडावी लागेल!" आणि त्यांचं ते वाक्य तर मी अजून सगळ्यांना ऐकवते, "छोटी गाडी सख्ख्या भावंडांची, मोठी गाडी व्याह्यांची." म्हणजे भावंडं एकमेकांच्या अंगावर पडली तरी चालतात. व्याह्यांना मध्ये वीतभर जागा लागते.

आता लाजिरवाणी गोष्ट. ही परीक्षा व्हायची, पण निकाल आधीच लागलेला असायचा. लोक गाडी आधी बुक करायचे आणि मग मावशींना बोलवायचे. मावशींनी तीच गाडी पास केली तर उत्तम. नापास केली तर "बघतो हं मावशी" म्हणायचं, महिनाभरानं तीच आणायची आणि सांगायचं की दुसरी मिळालीच नाही, काय करणार. सगळ्या मोठ्या माणसांना हे माहीत होतं. मावशींना सोडून. यात कुणाला फसवाफसवी वाटायची नाही, उलट चांगुलपणाच वाटायचा. घरापासून इतक्या लांब सगळ्यांना मिळून एकच मावशी, त्यांना तोंडावर नाही कोण म्हणणार? आईला कावीळ झाली होती तेव्हा महिनाभर काकांच्या स्कूटरवरून आमच्याकडे डबा येत होता. भीड पडते हो.

मग आमची पाळी आली. बाबा बँकेत. त्यांनी एट हंड्रेड बुक केली होती, नंबरही लागत आला होता. कारणं सगळी बरोबरच होती. आमच्या अंगणाचं फाटक अरुंद, बाबांना गाडी चालवायची सवय नाही, जुन्या गाडीचं रोजचं दुखणं नको. पण मावशींना बोलवायचं तर दोन गाड्या दाखवलेल्या बऱ्या दिसतात, म्हणून बाबांनी मागच्या गल्लीतल्या सक्सेनाजींची अँबॅसिडर मागितली. सक्सेनाजी म्हणजे रिटायर्ड इंजिनियर, पांढरा कुर्ता, बोलणं एकदम मलईसारखं. त्यांना ती खरंच विकायची होती. छोटी गाडी बाबांच्या ऑफिसमधल्या एकांची आणली.

आधी छोटीची फेरी झाली, मग मोठीची. मी दोन्ही वेळा मागेच कडेला घुसून बसले होते. मावशींनी आईला शेजारी बसवलं. आईची कंबर तेव्हा फार दुखायची, पट्टा लावून फिरायची ती. मला वाटलं होतं ताक सांडलं की मावशी ओरडतील, मी वाटच बघत होते. पण त्या दिवशी त्यांनी तांब्याकडे पाहिलंच नाही. दोन्ही वेळा रेल्वे फाटकावरून जाताना त्या आईच्या तोंडाकडे बघत होत्या.

उतरल्यावर बाबांना म्हणाल्या, "छोटी शहरात बरी, वळते पटकन, मान्य. पण सुनीतानं फाटकावर ओठ चावला. मोठीत नाही चावला. मोठी घ्या."

"हो मावशी, बघतो ना."

बाबांचं 'बघतो' म्हणजे नाही, हे घरात मलासुद्धा माहीत होतं. मावशींना वाटलं, हो.

आणि आमच्या कुणाच्या ध्यानीमनी नसताना मावशी परस्पर सक्सेनाजींकडे गेल्या. अलीगंजचे कुणी डॉक्टर ती गाडी बघून गेले होते, दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होते. मावशींनी सांगितलं, "भाईसाहब, गाड़ी हमारे घर जाएगी। मैं ज़बान देती हूँ।" आणि सक्सेनाजींनी डॉक्टरांना परत पाठवलं. कागद नाही, बयाणा नाही. मावशींची ज़बान, बस. आम्हाला हे सगळं नंतर कळलं.

इकडे आमची गाडी आली. पांढरी, इतकी गोड! सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढू दिलं नाही मी. मी शाळेत सगळ्यांना सांगितलं, सब्जीवाल्या भैयाला सांगितलं. फक्त मावशींना सांगायचं नाही अशी सक्त ताकीद होती. "दिवाळीनंतर सांगू सावकाश," बाबा म्हणाले. गाडीवर जुनी फुलाफुलांची चादर टाकली. नवीन गाडी आणि आम्ही ती चोरीची असल्यासारखी झाकून ठेवलेली. मंडळाच्या जेवणाला तर आम्ही शेअरच्या टेंपोनं गेलो हो!

मग तो रविवार. सकाळी बाहेर हॉर्न वाजला, भारदस्त, जुना. फाटकासमोर सक्सेनाजींची अँबॅसिडर, धुऊन चकाचक, बॉनेटवर झेंडूचा हार. सक्सेनाजी स्वतः चालवत होते. मागे मावशी, इस्त्रीची साडी, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. बाबांचं 'बघतो' लांबतंय म्हणून त्या गाडी घेऊनच आल्या होत्या. आईला सरप्राइज!

मला काय वाटलं सांगू? मला वाटलं मावशींना आमची गाडी कळली आणि त्या बघायला आल्या. मी पळत अंगणात गेले, चादर ओढली आणि ओरडले, "मौसी! ये देखो, हमारी वाली!"

बाबा बनियनवर दारात उभे होते. आई आतून कणकेच्या हातांनी आली आणि तिथेच थांबली. मावशी गाडीतून उतरल्या, सावकाश, गुडघा धरून. पांढऱ्या गाडीकडे पाहिलं. नंबर प्लेटला लावलेलं कुंकू एव्हाना सुकून काळं पडलं होतं. ते पाहिलं.

पहिले बोलले सक्सेनाजी. "अरे वाह! मुबारक हो! बड़ी प्यारी गाड़ी है।" आणि मग मावशींकडे वळून लगेच, "बहनजी, सच बताऊँ, अच्छा ही हुआ। घर में सब उदास बैठे थे कि गाड़ी जा रही है। मैं तो ख़ुद आपसे कैसे कहूँ, यही सोच रहा था।"

साफ खोटं. मावशींची लाज राखायला ते आमच्याच अंगणात इतकं सुंदर खोटं बोलले की बाबांची मान आणखी खाली गेली.

"भाईसाहब," मावशी म्हणाल्या, "आपका ग्राहक मैंने लौटाया। ज़बान मेरी थी। माफ़ कीजिए।" त्या आवाजात कपूरथल्यापर्यंत जाणारं काहीच नव्हतं. जेमतेम मला ऐकू आलं.

"मावशी, अहो, आमचं फाटक बघा ना केवढं अरुंद..." बाबांनी सुरुवात केली.

"मग तेच सांगायचं होतं," मावशी म्हणाल्या. "मी फाटक मोजलं असतं. मीच म्हणाले असते, छोटी घ्या."

हे खरं होतं. चौकातल्या जोडप्याला म्हणाल्याच होत्या की! एक वाक्य लागलं असतं. आम्ही एक वाक्य वाचवायला केवढा खटाटोप केला. हे लिहितानाही माझे कान गरम झालेत.

मग त्या आईकडे वळल्या. "सुनीता, सगळेच असं करायचे का गं? आधीच ठरवून?"

आई हाताला चिकटलेली कणीक काढत राहिली. मावशींना उत्तर मिळालं.

"मावशी, मी सोडतो घरी," बाबा म्हणाले. सक्सेनाजींनीही दार उघडलं, "आइए बहनजी।" मावशींनी दोघांना हात जोडले. रस्त्यावरून सायकलरिक्षा जात होती, ती थांबवली. समोर मोठी गाडी उभी, मागे छोटी उभी, आणि मावशी रिक्षाच्या त्या उतरत्या सीटवर दांडा घट्ट धरून विकास नगरला गेल्या. झेंडूचा हार तसाच बॉनेटवर. सक्सेनाजींनी जाताना तो काढून आमच्या गाडीवर घातला. लखनौचं सौजन्य कधीकधी थपडेपेक्षा जोरात लागतं.

तुम्हाला वाटेल मावशी रुसल्या. नाही! रुसल्या असत्या तर बरं झालं असतं, समजूत घालायला गेलो असतो. त्या सगळीकडे यायच्या, मठ्ठा आणायच्या, मला जवळ घ्यायच्या. फक्त मत देणं थांबलं. गाडीवर नाही, कशावरच नाही. कुणी आंबे दाखवले तर, "छान असतील." कुणाच्या मुलीचं स्थळ आलं तर, "तुम्हाला बरं वाटेल ते करा." मंडळातली माणसं चुळबुळ करायची. मंडळाच्या जेवणात एकानं मुद्दाम ट्रायलला बोलावलं, तर म्हणाल्या, "मला गाड्यांतलं काय कळतंय हो." सगळे एकदम चपात्यांकडे बघायला लागले. आणि आमची गाडी? एकदम गुणी. कधी बंद पडली नाही, गल्लीत झर्रकन वळायची. आई छताला धरून, तिरकी होऊन उतरायची. कंबर दुखली का, हे बाबा विचारायचे नाहीत आणि आई सांगायची नाही.

मग बाबांची बदली झाली, नागपूरला. मावशी सामान बांधायला आल्या, न बोलावता. स्वयंपाकघरात खाली बसून कपबश्या वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. आई त्यांच्याकडे सारखी बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"मावशी, गाडी नागपूरला न्यावी का इथेच विकावी? तुम्ही सांगा ना."

मावशींनी हातातला कप गुंडाळून खोक्यात ठेवला. "ट्रक ठरलाय का?"

मी आईकडे बघितलं. मला माहीत होतं. गाडी चढवून नेणारा ट्रक ठरला होता, ॲडव्हान्ससुद्धा दिला होता. आई सहज म्हणू शकली असती, "अजून नाही." तिच्या तोंडावर ते आलंसुद्धा, मी शप्पथ सांगते.

"ठरलाय," आई म्हणाली. "परवाचा. मी उगाच विचारलं, मावशी. तुम्ही काहीतरी बोलावं म्हणून."

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. मग हसल्या, पूर्वीसारख्या मोठ्यानं नाही, पण हसल्या. "आता कसं बोललीस," म्हणाल्या, आणि पुढचा कप घेतला.

बाबा दोरी घेऊन आत येत होते. ते ऐकून दारातूनच परत फिरले.